डबल क्लच

सिंदेवाही
१८ नोव्हेंबर २००१

देवानंद,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी ब्रेकचं वाच.

गाडी आज सकाळी तुझ्या मेव्हण्याच्या हाती रवाना केली. हे पत्र सुनिलच्याच खिशात दिलं आहे. म्हणजे पत्र फोडायच्या आधी तू स्टिअरिंगवर जाऊन बसणार, हे मी इथे बसून सांगू शकतो. बसला असशील तर उतर आणि वाच.

तुझ्या फियाटच्या बॉनेटखाली आता जिप्सीचं इंजिन आहे. तेराशे सीसीचं, नागपूरच्या भंगार बाजारात एका उलटलेल्या गाडीतून काढलेलं, पण आतला एकेक भाग मी स्वतः उघडून पाहिला आहे. जुन्याचा ब्लॉक आडवा चिरला होता. वेल्डिंग करून देतो म्हणणारे तुला पुष्कळ भेटले असते. मी त्यातला नाही. जुनं इंजिन चाळीस घोड्यांचं होतं, हे साठचं आहे. ब्रेक मात्र चाळिसाचेच राहिले. चारही चाकांना ड्रम. लायनर नवे टाकले, सिलिंडरचे रबर बदलले, तरी लांब उतारावर लागोपाठ दाबत राहिलास तर ड्रम तापतील, पेडल मऊ होईल आणि शेवटी पाय फळीला टेकेल. मागे पेशंट झोपलेला असेल. म्हणून उतार गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर नाही. या एका गोष्टीपायी मला आठवडाभर अन्न गोड लागलेलं नाही. कुंताला वाटतं सीझनची दगदग आहे. तेही आहेच. भाऊबीज झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या माझ्या दारात रांगेने उभ्या आहेत.

बाकीचं. इंजिन थोडं मागे सरकवावं लागलं, कारण खालचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या दांड्याला घासत होतं. त्यासाठी सीटमधला पत्रा कापून उंच केला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून, तोलून आणला. गिअरचा दांडा आता स्टिअरिंगला नाही, जमिनीवर आहे. सुरुवातीला तुझा हात हवेत जाईल.

आणि ती डबल क्लचची खोड सोड. जुना डबा तसा होता, क्लच दाबून न्यूट्रल करा, सोडून एक रेस द्या, पुन्हा दाबा तेव्हा गिअर पडायचा. हा नवा डबा एका दाबात गिअर घेतो. तू प्रत्येक वळणावर दोनदा पाय मारशील तर क्लचप्लेट फुकट झिजेल, आणि ऐकणारा म्हणेल, श्रीहरीनं गाडी अर्धवट सोडली.

आवाजाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही. सायलेन्सरही त्याच जिप्सीचा, पूर्ण जोडणीसकट बसवला. शेजारचा मुखरूभाऊ जंगल खात्याची जिप्सी चालवून रिटायर झाला आहे. त्याला रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसवलं आणि मागून गाडी आणली. त्यानं वळून पाहिलंच नाही. शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ उभा राहिला. साहेब आले म्हणून. मला दुसरं सर्टिफिकेट नको.

तुझा मेव्हणा मात्र अजब आहे. गाडी चालू केली तर मागे सरकला. मग हळूच म्हणतो, "भाऊ, इचा आवाज थोडा खराब करून देता येते का?" असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी त्याला चहा अर्धा कपच पाजला.

दारावरचा ४१ नंबर तू लिहिलंस म्हणून पुसला नाही. त्या नंबराविषयी माझं मत तेच आहे. नागपूर-जगदलपूरच्या रॅलीत पुढे एकही गाडी नव्हती, आणि तू रस्त्यात पडलेल्या कुणा सायकलवाल्याला घालून जिंकलेली गाडी दवाखान्याकडे वळवलीस. त्यानंतर तू पेशंट वाहत तिकडचाच झालास आणि आपण चौदा वर्षं बोललो नाही. तुझ्या पत्रात 'दुसऱ्या कोनाच्या हाती देनार नाई' हे वाक्य होतं म्हणून मी गाडीला हात लावला. एवढंच.

आशीर्वाद. दीपालीलाही.

श्रीहरी


सिंदेवाही
४ डिसेंबर २००१

देवानंद,

गाडी बंद कर. हे वाचतोस त्या क्षणी चावी काढ आणि दीपालीकडे दे.

तुझं कार्ड आज आलं. तू मजेत लिहिलं आहेस: 'भाऊ, इंजिन झकास. पन गावं खाली भेटून राह्यले. आवाज आला का लोकं रानात. दीपाली हासते, म्हनते, पेशंट आनाले गाडी केली अन् पेशंटच पळून राह्यले. होईन सवय.' मी ते गॅरेजमध्ये उभ्यानं वाचलं, आणि मग बसलो. जॅकवर एक बस चढवलेली होती, तिच्या चाकाला टेकून बसलो.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. दिवाळीच्या आधी मी ट्रायलला गाडी गडचिरोलीच्या पुढे काढली होती. चामोर्शी मागे टाकून एका कच्च्या रस्त्यानं आत घातली, धूळ आणि चढ दोन्ही मिळावे म्हणून. आठ-दहा घरांच्या एका टोल्यावर रेडिएटरला पाणी मागायला थांबलो. माणूस नाही. दारं उघडी. एका चुलीवर भात उतू जाऊन विस्तवावर चरचरत होता. ओसरीवर सूप पालथं पडलं होतं आणि तांदूळ पायरीवरून अजून खाली घरंगळत होते. कोंबड्या सुद्धा अजून खायला आल्या नव्हत्या. मी हाक मारली. मग स्वतःच पाणी घेतलं, भांडं होतं तिथे ठेवलं, आणि समजलो की मंडईला गेले असतील. चुलीवर भात ठेवून कोणी मंडईला जातं का? पण माझं लक्ष काट्यावर होतं. एवढ्या चढाला इंजिन जराही तापलं नव्हतं, याच आनंदात मी गाडी वळवली. निघताना पाठीला काहीतरी टोचल्यासारखं झालं होतं. झाडांमागून सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, हे मला तुझं कार्ड वाचून आज कळलं.

तुमच्याकडे जिप्सीत वर्दीवालेच फिरतात, हे मी सांगायला नको.

गावाला सवय होईल, ते खरं. गावाला उजेडात गाडी दिसते, ४१ दिसतो, तुझं तोंड दिसतं. पण गाडीच्या आधी आवाज पोचतो, देवानंद. रस्त्यावरच्या मोरीखाली सुरुंग पेरून जो दबा धरून बसलेला असतो, तो गाडी बघून हात तयार करत नाही, ऐकून करतो. त्याला तुझा ४१ दिसेपर्यंत उशीर झालेला असेल. आणि वर्दीवाल्यांचंही तेच. आपली जिप्सी आत्ता या रस्त्याला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, मग ही येते ती कोणाची? बंदुका दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे कान तिखट आहेत. तुझी जुनी फियाट टॅपेट वाजवत, खोकत यायची, ती सगळ्यांना माहीत होती. ती खोकत होती म्हणून तू इतकी वर्षं सुखरूप होतास. तिचा खोकला मी बरा केला.

सुनिल तेच सांगत होता. मला समजेल अशा शब्दांत सांगत होता.

जुनं इंजिन परत घालता येत नाही, ब्लॉक गेला. मी दुसरा सायलेन्सर तयार करतो. तोवर गाडी गोठ्यात लाव आणि वर भाताचं तणीस टाक. कार्ड टाक. आजच टाक.

श्रीहरी


सिंदेवाही
११ डिसेंबर २००१

देवानंद,

परवा पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तुमच्या बाजूच्या रस्त्यावर स्फोट, एका जीपचं नुकसान, अधिक तपशील समजू शकला नाही. मी त्या ओळी इतक्यांदा वाचल्या की आता कागद न बघता म्हणू शकतो. जीप म्हटलं आहे. फियाटला कोणी जीप म्हणणार नाही, असं मी कुंताला सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा सांगताना माझं तोंड बंद पडलं. कारण पत्रा उडून गेला आणि मागे इंजिनच उरलं, तर बघणारा काय म्हणेल? जिप्सीचंच म्हणेल. मीच म्हटलं असतं.

एस.टी. स्टँडवर जाऊन आलो. तिकडून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, कोणती गाडी होती. तो म्हणाला, "भाऊ, आमी पाह्यत नाई अन् इचारत नाई," आणि खिडकीची काच वर केली.

काल तुझं कार्ड आलं. पोस्टमन दारात उभा, मी कार्ड हातात घेऊन आधी अक्षर पाहिलं. अक्षर तुझं. कुंता देवाला हात जोडायला गेली. मग मी तारीख पाहिली. सहा डिसेंबर. पेपरातली घटना आठची आहे. कुंताला मी तारीख दाखवली नाही.

तू लिहितोस, 'थांबवता येत नाई. दोन बाया दिवसावर आहेत, त्याईले खाटेवर नेऊ का? भाऊ, तू तिकडे बसून भेऊन राह्यला.' बरोबर आहे. इथे बसून.

मी अजून का निघालो नाही, तर तीन कंपन्यांच्या गाड्या खोललेल्या आहेत. एकीचा गिअरबॉक्स जमिनीवर आहे. कलाकार खोळंबतील, गावोगाव तिकिटं विकली गेली आहेत. हे सगळं मी कुंताला समजावून सांगत होतो. ती भाकर थापत होती. थापतच म्हणाली, "सीझन सीझन काय लावून राह्यले? भेव लागते म्हना ना."

मी उठून पोतं शोधायला गेलो.

उद्याच्या पहिल्या गाडीनं निघतो. सायलेन्सर पोत्यात बांधला आहे. हे पत्र माझ्याच खिशात येईल, पोस्टात टाकायचं कारण नाही. तरी लिहितो आहे. पाना धरवत नाही म्हणून पेन धरला.

श्रीहरी


सिंदेवाही
१७ डिसेंबर २००१

देवानंद,

सुखरूप पोचलो. निघताना तू झोपला होतास, उठवलं नाही. जे समोर बोलता आलं नाही ते लिहितो, आणि पुन्हा भेटलो की याविषयी विचारू नकोस.

एटापल्लीला उतरलो तेव्हा चहावाल्याला तुझं नाव सांगून विचारलं. त्यानं माझ्या खांद्यावरच्या पोत्यातून निघालेल्या पाइपाकडे पाहिलं आणि कपबशा विसळायला लागला. मग एका ट्रॅक्टरवर बसून निघालो. वाटेत रस्त्याला एक खड्डा लागला. ट्रॅक्टरवाल्यानं तो वळसा घालून टाळला. कडेला एक चाक पडलं होतं. मी त्याच्या नटांची भोकं मोजली. पाच. फियाटला चार. मी पाइपाला धरून बसलो होतो. तो सोडला तेव्हा हाताला वळ उठले होते.

तुमच्या इरुकमेट्याला दिवस कलताना पोचलो. दीपाली तिच्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात होती. तू नाल्यापलीकडच्या गावात अडलेली बाई आणायला गेलास, येतीलच, म्हणाली. म्हणजे निदान सकाळी तू जिवंत होतास. तुझ्या सासूनं पाणी दिलं. सोनीबाईनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण म्हणाली, "नाक जावयाचंच हाये, राग बी तोच दिसते." सुनिलही तिथेच होता. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. त्यानं आतून माझ्यासाठी चहा आणला. काठोकाठ भरलेला.

मग आवाज आला. माझ्या आधी सोनीबाईला आला, हे लिहून ठेवतो.

मी गाव रिकामं होताना कधी पाहिलं नव्हतं, फक्त झालेलं पाहिलं होतं. कोणी ओरडलं नाही. एका बाईनं मूल काखेत घेतलं, एकानं विळा उचलला, कुत्री सुद्धा भुंकली नाहीत. सुनिल माझ्याजवळून गेला तो दिसलाच नाही. सोनीबाईनं माझं मनगट धरलं. दीपाली म्हणाली, "तेच असतीन, भाऊजी," पण तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. चार आठवडे ती गाडी तिच्या दारात येते आहे, तरी तिला खात्री नव्हती.

तणसाच्या ढिगामागे मी का गेलो? म्हातारीनं हात धरला होता, झटकणं बरं दिसलं नसतं. तसंच समज.

तिथून ऐकत होतो. इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये, थोडं दबलेलं, चढावर. देवानंद, त्या इंजिनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं सेट केला आहे. झोपेतून उठवलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी माझी समजूत होती. आणि मला सांगता येईना. तू असशील, किंवा दुसरंच कोणी. दोन जिप्स्यांत फरक राहू नये असं मीच केलं होतं, आणि आता त्या तणसात तोंड खुपसून मी तोच फरक शोधत होतो. माझे दात एकमेकांवर वाजत होते. सोनीबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला माशांचा वास होता.

नाल्याच्या वळणावर गाडी आली. गिअर उतरवायची जागा. वर्दीचा ड्रायव्हर असता तर एकदा पाय मारला असता, आवाज एकदा तुटला असता आणि पुढे चालू. आवाज तुटला. मधेच, रिकाम्यात, एक छोटी रेस आली, कोणी घसा साफ करावा तशी. मग पुन्हा तुटला. मग गिअर पडला.

मी उभा राहिलो. सोनीबाई मला खाली ओढत होती.

तू गाडीतून उतरलास, मागच्या सीटवरची बाई कण्हत होती, आणि तू तिला उतरवायच्या आधी माझ्याकडे पाहून विचारलंस, "भाऊ? तू बी पळाला का?" मी म्हणालो, तणीस कसं साठवता ते पाहत होतो. माझ्या डोक्यात काड्या होत्या. झाडांमागून जे हसू आलं ते अजून ऐकू येतं. त्या बाईला सुद्धा हसू आलं असावं, कारण तिनं तुला शिवी दिली.

मुलगी झाली, ते बरं झालं. त्यानंतर आपण सायलेन्सर बदलला. तेराचा पाना दे, चौदाचा दे, वर धर, खाली धर, याशिवाय आपण दुसरं काही बोललो नाही. आत्ता बोलतो. तो सायलेन्सर मी मुद्दाम वाईट केला आहे. आतले पडदे काढले, खाली दोन भोकं पाडली, टोकाला पत्र्याची एक सैल पट्टी लावली, ती वाजत राहील. माझ्या हातून निघालेली ही सर्वांत वाईट वस्तू आहे. कोणी विचारलं तर नाव सांगू नकोस.

पण तिच्यावर विसंबू नकोस. वारा फिरला, पाऊस आला, तर लांबून पट्टी ऐकू येणार नाही, इंजिन मात्र ऐकू येईल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती परीक्षा घेतली. तुला वाटलं असेल माझा नेहमीचा हट्ट. तुला नाल्यापलीकडे पाठवलं, दर वळणाला डबल क्लच मार म्हणालो, आणि इकडे गावातल्या लोकांना रस्त्याकडे पाठ करून बसवलं, मुखरूभाऊला बसवलं तसं. आवाज आला तेव्हा सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. दोघं उठले. मी कोणालाच धरलं नाही, मलाही उठावंसं वाटत होतं. मग वळणावर तुझे ते दोन श्वास आले. सोनीबाई सुपातले खडे वेचत होती. तिनं वळून पाहिलं नाही. म्हणाली, "जावई आला," आणि पुढचा खडा वेचला.

उठलेले दोघं परत बसले.

सुनिलला मी विचारलं, गावाला कळलं, पण मोरीपाशी बसतात त्यांना कोण सांगणार? तो म्हणाला, "त्याईचे कान बी गावातलेच हायेत, भाऊ. पोचन." वर्दीच्या चौकीवर दीपालीनं स्वतः जाऊन सांगायचं, तिचं ते ऐकतात. यापलीकडे मला काही सुचत नाही. भीती गेली म्हणून लिहीन तर खोटं होईल. काल गॅरेजसमोरून जंगल खात्याची जिप्सी गेली, तर मी हातातलं काम ठेवून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकत उभा होतो. ती एका दाबातच वळली.

पहिल्या पत्रात मी लिहिलेलं एक वाक्य खोड. तू माझी पत्रं ठेवतोस की चुलीत घालतोस मला माहीत नाही, ठेवलं असेल तर खोड. डबल क्लच सोडू नकोस. वर चढताना, खाली उतरताना, प्रत्येक मोरीच्या आधी, गरज नसली तरी मार. पेशंट ओरडत असला तरी मार. क्लचप्लेट झिजेल. वर्षभरात जाईल, कदाचित आधीच.

झिजू दे. नवी घेऊन मी येईन.

तुझा भाऊ,
श्रीहरी